प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स करायचाय? लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी हा कोर्स गेली बरीच वर्षं शिकवते. वर्ग सुरू होण्याआधी फोनवर, मधल्या सुट्टीत, आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर दारात चपला घालता घालता लोक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोक जास्त चुकतात.

प्रथमोपचार आणि सीपीआर एकच की वेगळं?

वेगळं, पण बहुतेक वेळा एकाच दिवशी शिकवतात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, आणि जमलं तर श्वास देऊन, त्याच्या मेंदूपर्यंत रक्त पोचवत राहणं म्हणजे सीपीआर. बाकीचं सगळं प्रथमोपचारात येतं: रक्त वाहणं, भाजणं, हाड मोडणं, फिट येणं, पक्षाघात ओळखणं वगैरे.

कोर्सचं नाव मात्र नीट वाचा. नुसतं ‘सीपीआर आणि एईडी’ (एईडी म्हणजे गरज असेल तर हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) लिहिलं असेल तर तिथे जखमेवर पट्टी कशी बांधायची ते शिकवणार नाहीत. नोकरीच्या ठिकाणी दोन्हींचं प्रमाणपत्र मागतात, उमेदवार एकाचंच घेऊन जातो आणि पुन्हा दुसरा दिवस घालवतो, असं दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचं तरी होतंच.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मला जमेल?

हा कोर्स आहेच तुमच्यासाठी. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या दहा घटनांपैकी साधारण सात घरातच घडतात. त्या वेळी शेजारी डॉक्टर नसतो. बायको असते, मुलगा असतो, सासूबाई असतात. रक्तपुरवठा थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि तेवढ्या वेळात अँब्युलन्स दारात येईलच असं कुठेच सांगता येत नाही.

वयाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या शालेय उपक्रमाला पाठिंबा दिला, त्यात १२ वर्षांच्या पुढच्या मुलांना वर्षाला दोन तास सीपीआर शिकवावा असं म्हटलंय. अंगात पुरेसं वजन नसलेल्या मुलाची दाबाची खोली कमी पडते, पण तो ओळखू शकतो, फोन करू शकतो आणि मोठ्यांना काय करायचं ते सांगू शकतो. माझ्या वर्गात आईबरोबर आलेल्या एका मुलीने आईचीच चूक पकडली होती: ‘आई, तू फोन केलाच नाहीस.’

इतके प्रकार आहेत, कोणता निवडू?

सर्वसामान्यांसाठी एक असतो, तोच बहुतेकांना पुरतो. बीएलएस नावाचा कोर्स रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी असतो. त्यात नाडी तपासणं, दोघांनी मिळून सीपीआर देणं, मास्क आणि पिशवीने श्वास देणं असं जास्तीचं शिकवतात. पाळणाघर किंवा शाळेत काम करत असाल तर लहान मुलं आणि तान्ही बाळं यांचा भाग सविस्तर असलेला कोर्स घ्या. नोकरीसाठी हवा असेल तर कोणत्या कोर्सचं आणि कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र चालेल हे मालकाकडून लेखी घ्या. ‘कुठलंही चालेल’ असं तोंडी सांगणारे नंतर बदलतात.

पूर्ण ऑनलाइन केला तर चालेल ना? वेळच नाही.

वाचायचा-बघायचा भाग ऑनलाइन करा, खुशाल. बऱ्याच संस्था तसं देतातच: आधी घरी व्हिडिओ आणि प्रश्न, मग वर्गात येऊन हाताने करून दाखवायचं. पण हात न लावता मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या मी विरोधात आहे, आणि बऱ्याच नोकऱ्यांमध्ये ते धरतही नाहीत. पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी विहिरीत उडी मारत नाही.

एक तंत्र मात्र चांगलं आलंय. काही ठिकाणी, ज्याच्या छातीवर दाबायचा सराव करतात तो पुतळा थेट संगणकाला जोडलेला असतो. तुमची खोली, वेग, हात वर उचलला की नाही हे तोच मोजतो आणि लगेच सांगतो. प्रशिक्षक समोर नसला तरी तिथे हात शिकतात. माझा आक्षेप नुसत्या बघण्याला आहे.

पैसे भरण्याआधी संस्थेला काय विचारू?

पहिला प्रश्न: किती जणांमागे एक पुतळा? मी स्वतः पहिल्यांदा जिथे शिकले तिथे आम्ही पंचवीसेक जण होतो आणि पुतळा एक. सकाळभर स्लाइड्स, मग रांग. माझी पाळी आली तेव्हा मी जेमतेम वीस दाब दिले आणि मागचा म्हणाला, ‘चला चला, पुढे.’ संध्याकाळी सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्र मिळालं, फोटो काढले. पुढे काही महिन्यांनी जिन्यात एक गृहस्थ कोसळले तेव्हा मला काय आठवलं? स्लाइडचा रंग. हात कुठे ठेवायचा यावर मी अडले. नशिबाने ते नुसते चक्कर येऊन पडले होते आणि मिनिटभरात उठून बसले. मी मात्र त्या रात्री झोपले नाही, आणि दुसरीकडे पुन्हा नाव घातलं.

तर दोन-तीन माणसांमागे एक पुतळा असेल तर उत्तम. बाळाचा पुतळा वेगळा आहे का, सरावासाठी एईडी आहे का, दाब पुरेसा झाला की आवाज करणारा किंवा दिवा लावणारा पुतळा आहे का, हेही विचारा. प्रमाणपत्र किती काळ चालतं आणि ते खरं आहे हे तपासायला क्रमांक किंवा क्यूआर कोड असतो का, तेही. संस्थेचं नाव कितीही मोठं असो, या प्रश्नांना टाळाटाळ झाली तर मी तिथे जाणार नाही.

किती वेळ लागतो?

नुसता सीपीआर आणि एईडी असेल तर साधारण अर्धा दिवस. प्रथमोपचार जोडला की पूर्ण दिवस. कामाच्या ठिकाणचा जबाबदार प्रथमोपचारक व्हायचं असेल तर काही देशांत तीन दिवसांचा कोर्स असतो. दोन तासांत सगळं शिकवतो म्हणणाऱ्यांनी काहीतरी गाळलेलं असतं, आणि ते बहुधा सरावच असतं.

कपडे काय घालू? गुडघे दुखतात, गरोदर आहे, चालेल का?

जमिनीवर गुडघे टेकून बसता येईल, पुढे वाकता येईल असे कपडे. साडी नेसूनही होतं, फक्त पदर खोचा. लांब नखं, मोठ्या अंगठ्या नकोत.

गुडघे दुखत असतील तर खाली घ्यायला जाड काहीतरी आणा आणि सकाळीच प्रशिक्षकाला सांगा. पुतळा टेबलावर ठेवून सराव करता येतो. गरोदर असाल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून या. प्रमाणपत्रासाठी मात्र जमिनीवर करून दाखवावं लागेल असा काही संस्थांचा नियम असतो, तेव्हा नाव घालतानाच बोलून घ्या.

छाती नेमकी किती जोरात दाबायची?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त. मोठ्या माणसाला किमान ५ सेंटीमीटर, आणि ६ च्या पुढे नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब. वर्गातला प्रत्येक नवखा आधी गोंजारल्यासारखं दाबतो. पुतळ्याच्या आत एक कळ असते, दाब पुरेसा झाला की ‘टक्’ वाजते. पहिली दोन-तीन मिनिटं वर्गात टक् ऐकूच येत नाही. मग कोणीतरी कोपर सरळ करतं, खांदे बरोबर हातांच्या वर आणतं, कमरेतून अंग पुढे टाकतं, आणि अचानक टक्, टक्, टक्. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जोर दंडात नसतो, अंगाच्या वजनात असतो. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळव्याचा मनगटाकडचा भाग टेकवायचा, त्यावर दुसरा हात, बोटं वर उचललेली. आणि दाबून झालं की छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे लोक फार विसरतात. दमायला लागलं की माणूस नकळत छातीवर रेलून राहतो; मग हृदयात रक्त परत भरतच नाही आणि पुढचा दाब रिकामा जातो. म्हणूनच दोघं असाल तर दर दोन मिनिटांनी अदलाबदल करायची, थकला नसाल तरी. ‘मला अजून जमतंय’ म्हणणाऱ्याची खोली तोवर कमी झालेली असते, हे पुतळ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसतं.

मोजण्याची आपल्या भाषेतली एक गंमत सांगते. तीस दाब मोजताना लोक एक, दोन, तीन असे छान सुरू करतात आणि ‘एकोणीस’पाशी अडखळतात. ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’पर्यंत शब्द इतके लांब होतात की हात शब्दासाठी थांबतो आणि वेग घसरतो. मी एक ते दहा असं तीनदा मोजायला सांगते. जीभ हलकी राहते, हातही.

बरगडी मोडली तर?

मोडू शकते. विशेषतः वयस्कर माणसांची. हाताखाली कट् असं जाणवतं, आणि ते जाणवणं वाईट असतं, खोटं कशाला बोलू. हाताची जागा बरोबर आहे ना एवढं बघा आणि चालू ठेवा. बरगडी जुळते. ज्याचं हृदय थांबलंय त्याचं तुम्ही थांबल्याने काही भलं होणार नाही.

तोंडाला तोंड लावून श्वास द्यावाच लागतो का?

शिकून घ्या, पण मोठा माणूस तुमच्या डोळ्यांदेखत अचानक कोसळला आणि श्वास द्यायची तुमची तयारी नसेल तर नुसते दाब द्या, न थांबता. अशा माणसाच्या रक्तात सुरुवातीला थोडा प्राणवायू शिल्लक असतो, तो फिरवत ठेवायचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच नवख्यांना ही मोकळीक जाहीरपणे दिली. त्यानंतर २०१० मध्ये त्यांनी क्रमही बदलला: आधी श्वासमार्ग आणि श्वास असायचे, आता छातीचे दाब पहिले. तुमच्या काकांनी पूर्वी कधी शिकलेलं असेल आणि ते उलटा क्रम सांगत असतील तर त्यांचं चुकलेलं नाही, जुनं झालंय.

बुडालेल्यांचं आणि लहान मुलांचं मात्र वेगळं. तिथे बहुतेक वेळा आधी श्वास अडलेला असतो आणि मग हृदय थांबतं, त्यामुळे श्वास देणं महत्त्वाचं. ३० दाब आणि २ श्वास हे चक्र त्यासाठी असतं. प्रत्येक श्वास साधारण एक सेकंदाचा, छाती जराशी वर येईल एवढाच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. दोन श्वासांसाठी दाब १० सेकंदांपेक्षा जास्त थांबवायचे नाहीत.

वर्गात पुतळ्याच्या तोंडाला तोंड लावायची किळस वाटते, तेही स्वाभाविक आहे. प्रत्येकाला वेगळा मुखवटा किंवा मध्ये ठेवायची पातळ झडपेची चादर मिळायला हवी आणि पुतळा दर वेळी पुसायला हवा. नसेल पुसत तर बोला.

त्या पुतळ्याचा चेहरा एवढा शांत का असतो?

हा प्रश्न दर वर्गात एकदा येतोच. हे रूप १९६० सालचं आहे. आस्मुंड लेर्डाल नावाचे नॉर्वेचे खेळणी बनवणारे होते, त्यांनी तो बनवला. चेहऱ्यासाठी त्यांनी पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीचा मृत्यूनंतर घेतलेला म्हणून प्रसिद्ध असलेला मुखवटा वापरला. ती सेन नदीत बुडाली होती अशी आख्यायिका आहे. त्याच वर्षी अमेरिकेत कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून छाती दाबून हृदय चालवण्याबद्दलचा लेख छापला. म्हणजे आपण जे आज शिकतो ते आजीच्या काळात नव्हतंच.

श्वास चालू आहे की नाही हे कसं कळणार?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. खांद्यावर थापट्या मारून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही? मग छातीकडे बघा, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. छाती नीट, नेहमीसारखी वर-खाली होत नसेल तर सीपीआर सुरू.

आता अवघड भाग. हृदय थांबल्यावर काही जण पहिली काही मिनिटं आचके देतात: तोंड उघडतं, घोरल्यासारखा किंवा घुसमटल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. बघणारे म्हणतात, ‘श्वास चाललाय, थांबा.’ तो श्वास नव्हे. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं ते असतं. मी वर्गात ते करून दाखवते आणि लोक हसतात, पण एकदा बघितलेलं लक्षात राहतं. अशा वेळी सुरू करायचंच. समजा तुमचा अंदाज चुकला आणि हृदय चालू होतं, तर दाब दिल्याने गंभीर इजा होण्याचा धोका कमी असतो. उलटी चूक परवडत नाही.

नाडी बघू नका. शिकलेल्यांचीही त्यात फसगत होते.

फोन आधी की दाब आधी?

दोन्ही एकदम. मोबाइल स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा. अनेक ठिकाणी फोनवरची व्यक्ती दाब कसे द्यायचे ते सांगते, मोजूनही देते. आजूबाजूला माणसं असतील तर ‘कोणीतरी अँब्युलन्स बोलवा’ असं ओरडू नका. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. बोट दाखवा: ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही फोन लावा आणि लागला की मला सांगा. ताई, तुम्ही एईडी कुठे आहे ते बघून घेऊन या.’ वर्गात हे मोठ्याने म्हणायला लोक लाजतात. मी मुद्दाम तीन-तीनदा म्हणायला लावते.

एईडीचा शॉक चुकून मला बसला, किंवा मी चुकीच्या माणसाला दिला तर?

यंत्र तुमच्यापेक्षा सावध असतं. झाकण उघडून चालू केलं की ते बोलायला लागतं. उघड्या छातीवर दोन पॅड चिकटवायचे: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली. मग ते हृदयाचा ठोका स्वतः तपासतं. शॉकने सुधारेल अशी लय नसेल तर तुम्ही बटण कितीही दाबा, शॉक देणारच नाही. ‘सगळे दूर व्हा’ म्हणालं की दूर व्हायचं, एवढंच तुमचं काम. शॉक झाला की माणूस उठेल म्हणून बघत बसायचं नाही, लगेच पुन्हा दाब सुरू.

छाती ओली असेल तर पुसा. औषधाची चिकटपट्टी लावलेली असेल तर काढून पुसा. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यावर नको, थोडा बाजूला. बाईमाणूस असेल तरी कपडे बाजूला करावेच लागतात. पॅड कातडीवर नीट बसला पाहिजे. या संकोचापायी बायकांना सीपीआर आणि शॉक उशिरा मिळतो, म्हणून मी वर्गात पुतळ्याला ब्लाउज घालून सराव घेते. पहिल्यांदा सगळे खाली बघतात. दुसऱ्यांदा हात चालतात.

घाई का, तर सीपीआर नसेल तेव्हा शॉक मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते.

लहान मुलांचं वेगळं असतं का?

हो. खोली छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश: मुलांना सुमारे ५ सेंटीमीटर, तान्ह्या बाळाला ४. मुलाला एका हाताने दाबलं तरी पुरू शकतं. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबायची. पूर्वी दोन बोटांनी शिकवत, त्यापेक्षा अंगठ्यांचा दाब चांगला पडतो. वेग तोच. एईडीला मुलांचे पॅड असतील तर ते वापरा, नसतील तर मोठ्यांचे चालतात, फक्त एकमेकांना लागू देऊ नका. छोट्या अंगावर एक छातीवर आणि एक पाठीवर लावतात.

बाळाच्या पुतळ्यापाशी आई-वडील सगळ्यात गप्प होतात. त्यांना वेळ द्यावा लागतो.

घशात काही अडकलं तर काय शिकवतात?

माणूस जोरात खोकू शकत असेल तर खोकू द्या, पाठीवर उगाच थोपटू नका. आवाजच फुटत नसेल, हात गळ्याशी गेले असतील तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने ५ जोरदार फटके, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर ५ झटके आत आणि वर. आलटून पालटून. पोटाचे झटके हेन्री हाइमलिख यांनी १९७४ मध्ये सुचवले. गरोदर बाईला आणि पोट फार मोठं असलेल्याला ते झटके छातीवर द्यायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीच नाहीत: पाठीवर ५, छातीवर ५. आणि दिसत नसताना घशात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. बेशुद्ध झाला तर जमिनीवर झोपवून सीपीआर.

आणि बाकीचा प्रथमोपचार?

यातला निम्मा वेळ शिकण्यापेक्षा विसरण्यात जातो. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, बर्फ यातलं काहीच नाही. वाहतं गार पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून उभं राहिलं तर कळतं २० मिनिटं किती लांब असतात. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा. फिट आली तर तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या वस्तू दूर, आणि वेळ बघायची. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर अँब्युलन्स. साप चावला तर कापणं-चोखणं नाही, अवयव स्थिर ठेवून रुग्णालय.

रक्त वाहत असेल तर थेट त्यावर दाब, घट्ट, सारखं उचलून न बघता. हातापायातून रक्त भळाभळा वाहतंय आणि दाबून थांबत नाही तेव्हा टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळून बांधायचा पट्टा: जखमेच्या वर ५ ते ७ सेंटीमीटरवर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. ते बांधताना खूप दुखतं. माणूस ओरडला म्हणून सैल करू नका.

पक्षाघातासाठी चेहरा, हात, बोलणं आणि वेळ एवढं लक्षात ठेवा: चेहरा एका बाजूला ओघळलाय, दोन्ही हात वर करताना एक खाली येतोय, बोलणं अडखळतंय, तर लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ नोंदवून लगेच रुग्णालय. ‘थोडं झोपू दे, बरं वाटेल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची भीती वाटते.

परीक्षा असते का? नापास झालो तर?

असते. एक करून दाखवायची, एक लेखी, बहुतेक बहुपर्यायी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएसमध्ये लेखीला ८४ टक्के लागतात. सर्वसामान्यांच्या काही कोर्सना लेखी नसतेही. नापास होणारे बहुधा खोलीत नाही, वेगात होतात: घाबरून मिनिटाला १४०-१५० ला जातात आणि मग दाब उथळ होतो. प्रशिक्षक सांगतो, पुन्हा करायला लावतो. एका वर्गात पाचदा करून पास झालेले गृहस्थ माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात तयार होऊन घरी गेले.

प्रमाणपत्र किती दिवस चालतं?

बऱ्याच संस्थांचं दोन वर्षं, काही ठिकाणी तीन. हात मात्र तेवढे टिकत नाहीत. सराव नसेल तर काही महिन्यांतच कौशल्य ओसरायला लागतं. शिवाय नियमही सुधारत राहतात: मोठ्या संस्था साधारण दर पाच वर्षांनी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढतात, २०१५, २०२०, २०२५ अशी.

काही चुकलं तर कायद्याचं लफडं मागे लागेल का?

चांगल्या हेतूने, मोबदला न घेता मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे अनेक देशांत आहेत. तपशील जागोजागी वेगळे असतात, म्हणून तुमच्या इथला नियम प्रशिक्षकाला वर्गातच विचारा. तो त्याला माहीत असायला हवा. शुद्धीवर असलेल्याला हात लावण्याआधी विचारा, बेशुद्धाची संमती गृहीत धरतात, आणि शिकलात तेवढंच करा.

सगळं बरोबर करूनही माणूस गेला तर?

जातो. हे मी वर्गात सकाळीच सांगते, दुपारी नाही. टीव्हीवर दहा दाबांत लोक खोकत उठतात. खऱ्यात बहुतेक जण वाचत नाहीत, उत्तम सीपीआर मिळूनही. तुम्ही सुरू केलंत तेव्हा तो माणूस मेलेलाच होता. तुम्ही त्याला एक शक्यता दिलीत, ती लागू पडली नाही.

त्यानंतर हात थरथरतात, झोप येत नाही, हाताखालचा तो आवाज आठवत राहतो. कोणाशी तरी बोला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे असे फोन येतात. ते विचारतात, ‘मी काही चुकले का?’ आम्ही मिनिटामिनिटाने सगळं पुन्हा बोलतो. बहुतेकदा चुकलेलं काहीच नसतं.

मधल्या काळात घरी सराव कसा करू?

जिवंत माणसावर दाब देऊन नाही, गंमत म्हणूनही नाही. एखादी घट्ट उशी जमिनीवर ठेवा, मोबाइलवर ११० चा ठेका लावा आणि दोन मिनिटं सलग दाबा. खोली कळणार नाही, पण वेग आणि दम दोन्ही कळतील. महिन्यातून एकदा पुरे. पहिली तारीख ठरवून टाकली तर विसरायला होत नाही. तुमच्या इमारतीत किंवा कामाच्या जागी एईडी असेल तर तो कुठे टांगलाय ते चालत जाऊन बघून या, आणि पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला आहे का तेही. आमच्याच वर्गाबाहेरच्या पेटीचा एकदा नव्हता. बॅटरी संपलेली, आणि आम्ही रोज तिच्यासमोरून ये-जा करत होतो.